मदत हवी आहे : ड्राय ग्लव्ह फक्त उजव्या हाताचाच गळतो, तोही खोलवर गेल्यावर

गारठलेला_लेस्टरकर
स्टोनी कोव्हला (लेस्टरजवळची पाण्याने भरलेली जुनी खाण) डाइव्हिंग चालू आहे, पाणी ५-६ अंश. ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या कापडाचा) ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडं ठेवणारा सूट, मनगटाला लॅटेक्स सील (पाणी अडवणारी घट्ट रबरी पट्टी), त्यावर ओ-रिंगवाल्या (गोल रबरी कडीवाल्या) रिंगांचे ड्राय ग्लव्ह, म्हणजे हात कोरडे ठेवणारे हातमोजे, आत लोकरी हातमोजे. ६ मीटरच्या टप्प्यावर सगळं कोरडं. २० मीटरच्या टप्प्याकडे उतरलं की उजव्या मनगटाशी, तळहाताच्या बाजूने ओल येते. डावा ठणठणीत. ग्लव्ह फुगवून बादलीत दाबला, बुडबुडा नाही. ओ-रिंग बदलली, तरी तेच. आता काय तपासू?

ओरिंगवाला
नवी ओ-रिंगसुद्धा लोकरीच्या एका धाग्यापुढे हरते. रिंग बंद करताना आतल्या हातमोज्याची कड पूर्ण आत खोचली आहे ना, ते दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या, कारण एक हात अडकल्यावर स्वतःला दिसत नाही. ओ-रिंग काढताना टोकदार काही वापरू नका, जुन्या प्लास्टिक कार्डाचा कोपरा पुरतो. खाच पुसून कोरडी करा. सिलिकॉन ग्रीस मोहरीएवढं, ओ-रिंग नुसती चमकेल इतकंच. थापलंत तर वाळू आणि केस तिथेच गोळा होतात. ओ-रिंग सिलिकॉनची असेल तर मात्र सिलिकॉन ग्रीस नको, ती फुगते. आणि लॅटेक्स सीलच्या आसपास व्हॅसलिन अजिबात नको.

ग्लव्ह रिंगवर चढवलाय तिथे चुणी आहे का तेही बघा. पीव्हीसी थंडीत कडक होतं, मग ती चुणी बसत नाही. ग्लव्हची कड कोमट पाण्यात मऊ करून, साबणाच्या पाण्यावर सरकवत पुन्हा चढवा.

तळ_गाठणारा
वरचं सगळं बरोबर, पण खोलीचा मुद्दा राहिला. फुगवून केलेल्या चाचणीत दाब आतून बाहेर असतो, पाण्याखाली उलटा. ग्लव्हमध्ये सूटमधून हवा येत नसेल तर २० मीटरवर, म्हणजे ३ बारला (पृष्ठभागाच्या तिप्पट दाबाला), आतली हवा एक तृतीयांश उरते. ग्लव्ह हाताला चिकटतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडतो आणि एरवी न गळणाऱ्या बारीक चुणीतूनही पाणी ओढलं जातं. बोटांना चिमटे बसल्यासारखं होतं का? आणि मनगटाच्या सीलखालून हवा जायला दोन्ही हातांना काय ठेवलंय?

गारठलेला_लेस्टरकर
हो, उजव्या बोटांना चिमटे बसतात! सीलखाली अंडरसूटचा (ड्रायसूटच्या आत घालायच्या उबदार कपड्याचा) अंगठ्याचा पट्टा असतो. उजवा पट्टा तुटलाय, त्यामुळे ती बाही सीलच्या मागेच थांबते. याचा संबंध असेल असं वाटलंच नाही.

तळ_गाठणारा
मग सापडलं. डाव्या पट्ट्याच्या कापडातून हवा जाते, शिवाय उतरताना बीसीची (तरंगणं सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जॅकेटची) हवा सोडायला डावा हात वर जातो, सूटमधली हवा आपोआप त्या बाहीत चढते. उजवा हात खालीच, आणि वाटही बंद.

पट्टा शिवा, किंवा ३-४ मिमी जाडीची मऊ सिलिकॉन नळी १० सेंटीमीटर कापा. टोकं गोल करा, नाहीतर लॅटेक्सला चीर जाते. सीलच्या दोन्ही बाजूंना २-३ सेंटीमीटर बाहेर राहील अशी, तळहाताच्या बाजूला शिरांमधल्या खाचेत बसवा. घड्याळाच्या पट्ट्याखाली येऊ देऊ नका, दबली की नसल्यासारखीच. सूटमध्ये हवा घेतल्यावर उजवा हात क्षणभर खांद्यावर उचला, ग्लव्ह सैल होताना जाणवेल. वर येताना तो फुगतो, तेव्हा हात खाली ठेवा, हवा बाहीत परतते आणि सूटच्या व्हॉल्व्हमधून जाते.

ओरिंगवाला
एक किंमत लक्षात ठेवा. नळी असताना ग्लव्ह फाटला तर पाणी हातापुरतं थांबत नाही, थेट बाहीत शिरतं. म्हणजे सील शाबूत असूनही उपयोग नाही. रेक (बुडालेलं जहाज) किंवा धारदार कपारींत जायचं असेल तर जाड ग्लव्ह घाला, आणि फाटला तर हात खाली ठेवून डाइव्ह तिथेच संपवा.

नळी बसवल्यावर आत टिश्यू पेपर गुंडाळून ६ मीटरवर एक फेरी मारा. कुठला तुकडा आधी भिजला ते बघा. रिंगेजवळचा असेल तर चुणी किंवा धागा, बोटाजवळचा असेल तर छिद्र. सगळेच सारखे दमट असतील तर तो घाम आहे, गळती नाही.