कॉलेजच्या इमारतीवरच एआर (मोबाईलच्या कॅमेऱ्यातून खऱ्या जागेवर 3डी चित्र दिसणं) लावून शिकवायचंय, काय वापरू?

खडूवाली: नागपुरात सिव्हिल डिप्लोमाला शिकवते. ग्रीन बिल्डिंगची पीपीटी लावली की पोरं पेंगतात. आमच्याच इमारतीत फ्लाय अॅशच्या (कोळशाच्या राखेच्या) विटा आहेत, पाणी जिरवायचा खड्डा आहे. मोबाईल धरला की आतलं दिसावं, असं काही जमेल का? कोडिंग जेमतेम, पैसे नाहीत, पोरांकडे साधे अँड्रॉइड.

तिसरा_मजला: अॅपच्या भानगडीत पडू नका. ब्लेंडर या 3डी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल करा, त्याची जीएलबी (3डी मॉडेलची) फाइल काढा आणि गूगलच्या मॉडेल-व्ह्यूअर या वेब-साधनाने वेबपेजवर टाका. भिंतीवर क्यूआर कोड, झालं. फक्त मॉडेल खोलीत ठेवून बघायला एआरकोर (गूगलची एआर प्रणाली) चालणारा फोन लागतो. बाकीच्यांना ते स्क्रीनवर फिरवता येईल. एका ठरावीक चित्रावर चिकटवायचं असेल तर माइंड-एआर बघा. तेही फुकट, ब्राउझरमध्येच चालतं, एआरकोर लागत नाही.

धंतोलीकर: ताई, कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर अन् काचेवर मॉडेल टिकतच नाही, सरकत राहते. कॅमेऱ्याले धरायले काही पाहिजे ना! भरगच्च चित्राचं पोस्टर लावा, पण लॅमिनेशन नको, चमकते. अन् मे महिन्यात दुपारी गच्चीवर नेऊ नका बाप्पा. पोरं टिकतील, मोबाईल तापून बसतील. सकाळीच उरका.

वास्तु_विदर्भ: साधनं मिळतील हो, दाखवणार काय ते आधी ठरवा. सोलर पॅनल डोळ्यांना दिसतंच, त्यावर हवेत तरंगती पाटी कशाला? बरेच जण हेच करतात आणि पोरं दोन मिनिटांत कंटाळतात. न दिसणारं दाखवा. पश्चिमेची भिंत घ्या. दुपारचं ऊन विटेतून आत यायला काही तास लागतात, म्हणून खोली संध्याकाळी भट्टी होते. इन्फ्रारेड थर्मामीटरने पोरांनाच दर तासाला आतून-बाहेरून तापमान घ्यायला लावा आणि तेच आकडे भिंतीच्या छेदावर (कापून आतलं दाखवलेल्या चित्रावर) रंगांत चढवा. (चकचकीत पत्र्यावर ही थर्मामीटरची गन चुकीचं दाखवते, तिथे काळी टेप लावून मोजा.)

खडूवाली: हे आवडलं. आणि खड्डा?

वास्तु_विदर्भ: 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. 500 चौ.मी. गच्चीवर 20 मिमीची एक सर आली तर 10,000 लिटर. थोडं वाया जातं, 8,000 धरा. झाकणावर पोस्टर ठेवा, स्लायडरने पाऊस वाढवला की खालचा विटा-खडी-वाळूचा थर भरताना दिसू दे. खड्डा कधी तुंबतो ते पोरांना तिथेच कळेल.

जुना_मास्तर: एवढं करण्यापेक्षा झाकण उघडून दाखवा की!

खडूवाली: सर, झाकण उघडायला अर्ज करावा लागतो आमच्याकडे.

तिसरा_मजला: 😄 मग भिंतीपासूनच सुरू करा. पोस्टर ए-3, मॅट कागदावर. फाइल चार-पाच एमबीच्या आत ठेवा, सगळा वर्ग एकदम उघडणार आहे.