कोटमसरची गुहा एवढीशी, मग राखीव जंगल एवढे मोठे कशासाठी?

कोरपन्याचे मास्तर
नमस्कार मंडळी. मी कोरपना तालुक्यातील एका शाळेत शिकवतो. आमच्या पायाखाली चुनखडीच आहे. तिच्यावर सिमेंटचे कारखाने चालतात आणि पाणी तापवले की हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. मुलांना बस्तरमधील कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यान दाखवण्याचा विचार आहे. १९८२ साली घोषित झालेले हे उद्यान सुमारे २०० चौरस किलोमीटरचे आहे, तर त्यातील कोटमसर गुहेची मुख्य वाट जेमतेम काही शे मीटर आहे. गुहा जपायची तर तिच्या तोंडाशी फाटक लावून भागले नसते का, असे एका विद्यार्थिनीने विचारले आणि मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.

खडकवेडा, वणी
गुरुजी, उत्तर तुमच्या हंड्यातच आहे. पावसाचे पाणी जंगलातील मातीतून झिरपताना मुळे आणि सूक्ष्मजीव यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडी विरघळवत फटी रुंदावत नेते. त्यांच्याच पुढे गुहा होतात. तेच पाणी गुहेच्या छतातून ठिबकताना हा वायू हवेत निघून जातो आणि विरघळलेला चुना थराथराने बसून लोंबते व उभे स्तंभ तयार होतात. हंड्यात हेच काम चुलीची आच काही मिनिटांत उरकते, गुहेत त्याला हजारो वर्षे लागतात. म्हणजे गुहेचे कारागीर वरच्या मातीत राहतात. ती माती उघडी पडली तर ठिबकणाऱ्या पाण्याची घडण बदलते आणि पुराबरोबर गाळ आत शिरतो. शिवाय अशा खडकात पाणी फटींतून वेगाने वाहते, मुरुमातल्यासारखे गाळले जात नाही, त्यामुळे वर सांडलेली घाण लवकर खाली पोहोचते. हे आपल्याकडच्या विहिरींनाही लागू आहे, पण तो विषय वेगळ्या धाग्याचा.

ओढ्याकाठची
यात माशांचीही भर घालते. कोटमसरमध्ये डोळे खुरटलेले, रंग फिका पडलेले छोटे मासे राहतात. ज्या जातीत त्यांची गणना होते, तिचे पहिले वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्याच्या माशांवरून केले होते! उजेडातल्या ओढ्यांत तिचे डोळे शाबूत असतात. आत सूर्यप्रकाश नसल्याने वनस्पती उगवत नाहीत. पुराने वाहून आणलेला पालापाचोळा आणि वटवाघळांची विष्ठा यांवरच तिथली अन्नसाखळी चालते. जंगल तोडून नुसती गुहा राखली, तर आतल्यांचे ताट रिकामे होईल.

खडकवेडा, वणी
एक राहिले. याच उद्यानातील दंडक गुहेतल्या स्तंभाच्या थरांमधील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे हलक्या व जड ऑक्सिजन अणूंच्या प्रमाणावरून) संशोधकांनी कित्येक शतकांच्या मोसमी पावसाचे चढउतार वाचले आहेत. म्हणून मुलांना स्तंभांना हात लावू देऊ नका. हाताचा तेलकटपणा लागला की त्या जागी नवा थर नीट बसत नाही. आणि पावसाळ्यात जाऊ नका, पाणी भरत असल्याने कोटमसर तेव्हा बंद असते.

कोरपन्याचे मास्तर
दोघांचेही आभार. सहल दिवाळीनंतरच काढू. तत्पूर्वी हंड्यातला थर खरवडून वर्गात त्यावर लिंबू पिळणार आहे. फेस आला की वायू कुठून सुटतो, हे मुलांना निराळे सांगावे लागणार नाही. विहिरींचा धागा मात्र तुम्हीच काढा.