मदत हवी आहे: वीजजोडणी वडिलांच्या नावावर, सोलरची सबसिडी कुणाच्या खात्यात?

घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, हेस्कॉमची (उत्तर कर्नाटकातली सरकारी वीज कंपनी) सिंगल फेज घरगुती जोडणी. पीएम सूर्यघर योजनेतून गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर बसवायचं आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० रुपये केंद्राकडून मिळतात. पॅनेल भारतीय सेलचे म्हणजे डीसीआरच हवेत, कोटेशनही तसंच घेतलंय.

अडचण बिलावरच्या नावाची आहे. आर.आर. नंबर (वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक) दिवंगत वडिलांच्या नावावर आणि त्यांचं बँक खातं बंद. एक विक्रेता म्हणतो, जुन्या नावानेच अर्ज करा, नाव नंतर बदलू. पण सबसिडी बिलावरच्या ग्राहकाच्याच खात्यात जाते, त्यामुळे हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. मृत्यूचा दाखला, नाडकचेरीचा (महसूल कार्यालयाचा) वंशवृक्ष, पंचायतीचा ई-स्वत्तू म्हणजे घराच्या मालकीचा उतारा तयार आहे. भावाची संमती आहे, थकबाकी नाही. गच्चीवर सावली नाही, तेव्हा जागेचा प्रश्न नको.

ज्यांनी अलीकडे वारसाने नाव बदलून घेतलं त्यांनी सांगा: भावाचं संमतीपत्र स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेलं चालतं का? आणि नाव बदलल्यावर गृहज्योतीची (कर्नाटक सरकारची मोफत घरगुती विजेची योजना) नोंदणी नव्याने करताना मागच्या वापराची सरासरी धरली जाते, की नवा ग्राहक समजतात?