ॲपल वॉच वॉकी-टॉकी: नाव करडंच राहतं, आवाज जात नाही

मनगटी: वॉकी-टॉकीत (घड्याळावरून बटण दाबून थेट बोलायचं ॲप) आमंत्रण पाठवलं तरी समोरच्याचं कार्ड करडंच. पिवळं कधी होतं? आणि निरोप साठवून ठेवता येतो का?

बिनतारी: समोरच्याने आमंत्रण स्वीकारलं की पिवळं होतं. त्याआधी दोन्ही आयफोनवर फेसटाइम (ॲपलची कॉल करायची सोय) चालू हवं; वॉकी-टॉकी त्याच्यावरच चालतं. फेसटाइम ऑडिओ कॉल लागतोय का, ते आधी बघा. तो लागला नाही तर घड्याळाशी झटापट करून उपयोग नाही.

निरोप साठत नाही हो, सगळं थेट. साठवायचा असेल तर मेसेजेसमधून ऑडिओ पाठवा.

खटका: बोलताना घाई नडते. पिवळं बटण दाबलं की ‘कनेक्टिंग’ दिसतं. ते जाईपर्यंत थांबा, नाहीतर पहिले शब्द गिळले जातात. बोलून झालं की बोट उचला. बोट धरून ठेवणं जमत नसेल तर फोनवरच्या वॉच ॲपात ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘टॅप टू टॉक’ चालू करा.

बिनतारी: आणखी एक, सायलेंटवर भरवसा नको. घड्याळ सायलेंट असलं तरी समोरच्याचा आवाज भर मीटिंगमध्ये घुमतो! थिएटर मोड लावा, म्हणजे तुम्ही ‘अनुपलब्ध’ दिसता. आवाज कमी-जास्त करायला क्राउन, म्हणजे घड्याळाच्या कडेची गोल चावी, फिरवा.