निर्जल क्रोमियम क्लोराईड ओव्हनमध्ये होत नाही

क्रोमियम क्लोराईडचा हिरवा हेक्झाहायड्रेट (प्रत्येक क्रोमियममागे पाण्याचे सहा रेणू असलेला क्षार) ओव्हनमध्ये सुकवला की निर्जल क्रोमियम क्लोराईड मिळतं, असं काही जण म्हणतात. नाही मिळत. तापवताना त्यातलंच पाणी क्लोराईडशी अभिक्रिया करतं, हायड्रोजन क्लोराईड उडून जातो आणि मागे ऑक्सिक्लोराईड, जास्त तापवलं तर हिरवं ऑक्साईड उरतं. थायोनिल क्लोराईड वापरा; हा द्रव पाण्याशी अभिक्रिया करून ते काढून टाकतो. १० ग्रॅम हेक्झाहायड्रेटला हिशेबाने १६ मिली पुरतं, पण ४०-५० मिली घ्या, थेंबाथेंबाने सोडा, मग रिफ्लक्स, म्हणजे वाफ वरच्या कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत भांड्यात पडेल असं उकळणं. घाई केली तर वायूंच्या जोराने फेस थेट कंडेन्सरमध्ये चढतो. हे फ्यूम हूडमध्येच (वायू ओढून घेणाऱ्या कपाटात) करायचं; सल्फर डायऑक्साईडही निघतो.

आणखी एक गोष्ट. तयार झालेली जांभळी पूड पाण्यात टाकली तर तळाशी तशीच पडून राहते. माल बिघडला असं समजून फेकू नका! प्रत्येक क्रोमियमभोवती सहा क्लोराईड असलेले हे थर आहेत, आणि त्रिसंयुजी क्रोमियम आपले लिगंड (भोवती जोडलेले आयन किंवा रेणू) फार सावकाश बदलतं. जस्ताची चिमूटभर पूड आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घाला. त्यातून किंचित द्विसंयुजी क्रोमियम तयार होतं, क्लोराईडच्या पुलावरून पुडीतल्या त्रिसंयुजी क्रोमियमला इलेक्ट्रॉन देतं, आणि पूड विरघळून द्रावण हिरवं होतं.