शब्दचर्चा: पिस्तूल 'रिकामं' कधी म्हणायचं?

प्रश्न (एका नेमबाज मुलीचा पालक)

मुलगी १० मीटर एअर पिस्तूल खेळते. तिच्या रेंजवर नव्या मुलांसाठी मराठीत सूचनाफलक लावायचा आहे आणि तो मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. कंपनीच्या पुस्तिकेत 'अनलोड' आणि 'डीप्रेशराइज' असे दोन वेगळे शब्द आहेत, पण रेंजवर सगळ्यांच्या तोंडी एकच: "पिस्तूल रिकामं कर." दुसऱ्या शब्दासाठी मी 'निर्दाबीकरण' लिहिलं, तर मुलं म्हणाली, "काका, म्हणजे नेमकं करायचं काय?" 'हवा सोडणे', 'हवा काढणे', 'दाब उतरवणे' यांतलं काय घ्यावं? 'ट्यूनिंग'ला आपल्याकडे काही आहे का? आणि ट्रिगरला 'चाप' म्हणावं की 'घोडा'?

प्रतिसाद (प्रशिक्षक)

'निर्दाबीकरण' खोडून टाका. फलक वाचल्यावर हाताला कळलं पाहिजे.

पण खरी अडचण 'रिकामं' या शब्दाची आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. प्री-चार्ज्ड (आधीच हवा भरून ठेवलेल्या) पिस्तुलात तीन गोष्टी 'भरलेल्या' असू शकतात: नळीत छर्रा, आत ताणून अडकवलेला स्ट्रायकर (झडपेवर आपटून हवा सोडणारा दांडा), आणि सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबलेली हवा. जुन्या स्प्रिंगच्या एअर गनमध्ये हवा साठवलेली नसायचीच. चाप ओढल्यावर स्प्रिंग सुटायची, तेव्हाच हवा दाबली जायची. त्या बंदुकीला 'रिकामी' म्हटलं की छर्रा नाही आणि स्प्रिंग सैल, एवढाच अर्थ होता आणि तो पुरत होता. तोच शब्द या नव्या यंत्राला लावला की घोटाळा होतो. छर्रा काढलेला असला तरी हवा भरलेलीच असते. सिलिंडर काढलं तरी रेग्युलेटर (हवेचा दाब कमी करून सारखा ठेवणारा भाग) आणि झडप यांच्यामधल्या कप्प्यात थोडी हवा अडकून राहते, आणि तेवढ्यावर एखादा छर्रा सहज उडू शकतो.

म्हणून फलकावर 'रिकामं' हा शब्द कुठेच नको. 'छर्रा काढा', 'सिलिंडर काढा', 'उरलेली हवा सोडा' अशी तीन वेगळी वाक्यं, तीन वेगळ्या ओळींत.

प्रतिसाद (भाषांतर करणारी)

सरांशी सहमत. क्रियापदांबद्दल थोडं सांगते.

'सोडणे' आणि 'सुटणे' ही जोडी इथे फार कामाची आहे. 'हवा सोडली' म्हणजे मी मुद्दाम, हाताने सोडली. 'हवा सुटतेय' म्हणजे कुठलं तरी सील गेलंय. 'हवा गेली' म्हणजे केव्हा गेली, कशी गेली, पत्ता नाही. मुलांना हा फरक घरूनच येतो, शिकवावा लागत नाही. एखाद्याने "सर, हवा सुटतेय" म्हटलं की पिस्तूल बाजूला ठेवून कारागिराकडे द्यायचं हे लगेच ठरतं. 'हवा काढणे' मी टाळेन, कारण त्याला 'एखाद्याची जिरवणे' हा वास आहे. 'दाब उतरवणे' चांगला आहे, पण तो ताप आणि बीपीसारखा हळूहळू कमी होण्याचा शब्द आहे. दाब शून्यावर आला की नाही, ते त्यातून कळत नाही.

आणखी एक सापळा. मराठीत 'बार' म्हणजे बंदुकीचा आवाज, एक फैर. फलकावर नुसतं '२०० बार' लिहिलंत, तर कोणी 'दोनशे वेळा उडतं' असं वाचेल, आणि एका भरण्यात साधारण तेवढेच छर्रे निघत असल्यामुळे ते त्याला पटेलही! 'दाब २०० बार' असंच लिहा.

प्रतिसाद (एअर गन दुरुस्त करणारा)

ताईंनी बरोबर सांगितलं. २०० बार म्हणजे किती ते मुलांना एकदा समजावाच. गाडीच्या टायरात ३२ पीएसआय भरतो, ते २.२ बार. म्हणजे या एवढ्याशा नळकांड्यात टायरच्या नव्वदपट दाब, दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोंहून जास्त. असं असताना लोक सिलिंडर लावलेलं ठेवून बॉडीचे स्क्रू फिरवतात. हे बघवत नाही.

क्रम असा. नळीचं तोंड निशाणाकडे. आधी छर्रा काढायचा, मागचा भाग उघडून डोळ्यांनी नळी बघायची. मग सिलिंडर हाताने फिरवून काढायचं. तेव्हा 'फुस्स' होतं. सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामधल्या जागेतली ती हवा. सिलिंडरची स्वतःची झडप बंद होते, त्यामुळे सिलिंडर भरलेलंच राहतं. मग छर्रा न घालता निशाणाकडे तोंड ठेवून पिस्तूल कॉक करून (स्ट्रायकर ताणून) उडवायचं, आवाज पूर्ण मरेपर्यंत. त्यानंतर नळीत सेफ्टी फ्लॅग, म्हणजे छर्रा नाही हे दाखवणारी रंगीत दोरी. सिलिंडर हाताने निघत नसेल तर पकड लावायची नाही, व्हाइसमध्ये धरायचं तर मुळीच नाही. मॉडेलप्रमाणे थोडा फरक असतो, तिथे कंपनीच्या पुस्तिकेचा शब्द शेवटचा.

विमानप्रवासात मागतात तसं खुद्द सिलिंडर मोकळं करायचं असेल, तर त्यासाठी कंपनीचा हवा सोडायचा स्क्रू किंवा अडॅप्टर असतो. तो अगदी सावकाश उघडायचा. हवा झपाट्याने पसरली की धातू गार पडतो, बाहेर दव धरतं. भरताना उलटं होतं: सिलिंडर गरम होतं, आणि ते निवलं की काटा खाली येतो. मग मुलं "हवा सुटतेय" म्हणून धावत येतात. नाही रे, निवलंय फक्त.

आणि सिलिंडरवरची तारीख वाचायला शिकवा. स्पर्धेत १० वर्षांच्या वरचं चालत नाही, ती जबाबदारी खेळाडूची.

प्रतिसाद (प्रशिक्षक)

शब्दांवरून आणखी एक, आणि हे फलकावर लाल अक्षरात हवं. तारकर्लीला स्कुबा करून आलेला माणूस हमखास सांगतो, "पाठीवर ऑक्सिजनचं सिलिंडर होतं." बातम्यांतही तेच छापतात. त्या टाकीत असते ती साधी कोरडी हवा. आपली पिस्तुलं अशाच टाकीवरून भरतात. आता हा शब्द मनात धरून कोणी खरोखरच वेल्डिंगच्या किंवा दवाखान्याच्या ऑक्सिजनवरून भरायला गेला, तर इतक्या दाबाच्या ऑक्सिजनमध्ये ग्रीसचा अंश जरी असला तरी स्फोट होऊ शकतो. लिहा: 'फक्त कोरडी हवा. ऑक्सिजन कधीही नाही.' साधं मशीन ऑइलही याच कारणाने वर्ज्य.

जुने खेळाडू अजून 'गॅस भरला का?' विचारतात. ते कार्बन डायऑक्साइडच्या पिस्तुलांच्या दिवसांतलं आहे. तो वायू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असायचा, म्हणून वजन करून भरायचे. २० अंशांना त्याचा दाब ५७ बारच्या आसपास, आणि हवामान बदललं की दाबही बदलायचा. हवेची पिस्तुलं आली ती याच त्रासातून सुटायला. फलकावर 'हवा'च लिहा, 'गॅस' नको.

मूळ प्रश्नकर्ता

सर, ताई, दादा, मनापासून आभार. 'ऑक्सिजन' माझ्या मसुद्यात खरोखरच होता, तो काढला. चाप आणि ट्यूनिंगचं राहिलं.

प्रतिसाद (भाषांतर करणारी)

'चाप' घ्या. 'घोडा' हा जुन्या बंदुकीत दारू पेटवायला आपटणारा भाग. मुंबईच्या बोलीत तर अख्खं पिस्तूलच घोडा. 'खटका' विजेच्या बटणालाही म्हणतात. फक्त 'चाप ओढा' असं लिहू नका. ओढायला सांगितलं की मूल मनगटासकट ओढतं. 'चाप दाबा' लिहा, 'सावकाश दाबा'.

ट्यूनिंगला 'जुळवणे'. तंबोरा जुळवतात, तसंच वापरता येतं: 'चाप जुळवणे', 'वेग जुळवणे'. 'सुधारणे' नको, कारण त्यातून काहीतरी वाढवायचं आहे असा अर्थ निघतो.

प्रतिसाद (एअर गन दुरुस्त करणारा)

हे फार बरोबर बोललात ताई. ट्यूनिंग म्हटलं की पोरांना वेग वाढवायचा असतो. मॅच पिस्तुलात छर्रा सेकंदाला साधारण १५० मीटरने जातो आणि १० मीटरवर कागद भेदायला तेवढा पुष्कळ. जुळवायचं ते एवढ्यासाठी की प्रत्येक छर्रा सारख्या वेगाने जावा. क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) दहा छर्रे मारून आकड्यांमधला फरक बघायचा. पिस्तूल थोडा वेळ पडून राहिल्यावर पहिलाच छर्रा जोरात जात असेल, तर रेग्युलेटर दाब धरून ठेवत नाही, कप्प्यात तो हळूहळू वाढत जातो. आम्ही त्याला 'दाब चढतो' म्हणतो, लिहायलाही तोच शब्द ठेवा. त्यावर इलाज म्हणजे आतलं सील आणि सीट (झडप टेकते तो भाग) बदलणं. स्क्रू पिळून तो दोष जात नाही. आणि हे काम हवा पूर्ण सोडल्यावरच, जाणत्याच्या हातून.

चाप मात्र खेळाडूने स्वतः जुळवायला शिकावं. पहिला टप्पा हलका, मग बोटाला एक अडसर लागतो, मग सुटतो. चाप दाबायला लागणारं एकूण वजन ५०० ग्रॅमच्या खाली गेलेलं चालत नाही. तपासणीत नळी उभी धरून चापाला वजन अडकवतात आणि पिस्तूल उचलतात. बरोबर ५०० वर ठेवलं तर तिथे धाकधूक, म्हणून मी थोडं वर ठेवून देतो.

मूळ प्रश्नकर्ता

त्या अडसराला काय लिहू? मुलगी 'दुसरी स्टेज' म्हणते.

प्रतिसाद (प्रशिक्षक)

'दुसरा टप्पा' लिहा. बोलताना ती 'स्टेज' म्हणू दे, सगळेच म्हणतात.