मदत हवी आहे: ही रेकॉर्ड इंग्लंडची की कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातली?

मंडळी, नमस्कार. महाल भागातल्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना मामांची रेकॉर्डची पेटी हाती लागली. नागपूरच्या उन्हाळ्यातही एकही तबकडी वाकलेली नाही, इतकी त्यांनी ती जपली होती. त्यातली एक साठच्या दशकातली पार्लोफोन या ब्रँडची एलपी आहे, काळं लेबल, पिवळी अक्षरं. ती नेमकी कुठल्या कारखान्यात साच्यात दाबून तयार झाली, हे मला ठरवायचं आहे.

अडचण अशी की लेबलच्या कडेचा बारीक मजकूर कसरीने खाल्लाय, देशाचं नाव असलेला भाग नेमका गेलाय. कव्हरवर डमडमचा उल्लेख आहे, पण कव्हर बदललेलंही असू शकतं, म्हणून त्यावर माझा भरवसा नाही. शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यात उमटलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाच्या साच्याचा क्रमांक, एक्सईएक्सने सुरू होतो. पण इंग्लंडहून आलेल्या साच्यांवर इथेही रेकॉर्डी निघत, त्यामुळे नंबर तोच राहणार.

टॉर्च तिरपा धरून पाहिलं. इंग्लंडच्या प्रतीवर मॅट्रिक्स नंबर घड्याळातल्या सहाच्या जागी धरला, तर नऊच्या जागी मदरचा (ज्यावरून साचे बनतात त्या धातूच्या तबकडीचा) आकडा आणि तीनच्या जागी स्टॅम्परची (रेकॉर्ड दाबणाऱ्या साच्याची) अक्षरं असतात. माझ्या प्रतीत नऊला पुसट १ दिसतो, तीनला काहीच नाही.

डमडमच्या प्रती ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी कृपया तो पट्टा पाहून सांगाल का? तीनच्या जागी तुमच्याकडे काय आहे? इंग्लंडच्या प्रतींवर असायचं तसं खरेदी-कराचं अक्षर भोकाजवळ उमटलेलं आहे का? विकायची नाही, मामांची आठवण आहे. पण नोंद बरोबर व्हावी, एवढं मनापासून वाटतं.